नाक कुठं पळालं?

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीला सर्दी झाली. शाळेला सुट्टी, पायांवर गोधडी, शेजारी आल्याचा काढा आणि मांडीवर इंग्रजीची वही. बाईंनी पाच वाक्यं दिली होती, मराठीत लिहून आणायला. थोड्या वेळानं तिनं वही माझ्यापुढे सरकवली. पहिलं वाक्य होतं, ‘माय नोज इज रनिंग’. त्याखाली तिच्या गोल गोल अक्षरांत लिहिलेलं : माझं नाक पळत आहे.

मी पुढची वाक्यं वाचली. ‘माय फादर रन्स अ शॉप’ : माझे बाबा दुकान पळवतात. ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ : आमची साखर बाहेर पळाली. ‘द रोड रन्स थ्रू द फॉरेस्ट’ : रस्ता जंगलातून पळतो. बस तेवढी बरी निघाली होती, दर दहा मिनिटांनी पळणारी.

“सगळीकडे रनच आहे,” ती म्हणाली. “रन म्हणजे पळणे. पहिलीपासून तेच शिकवलंय. मग वाक्यं अशी वेड्यासारखी का येतायत?” मग तिनं नाक पुसलं, जरा गप्प बसली आणि खरा प्रश्न विचारला. “मावशी, इंग्रजीत नाक पळतं, मग आपलंच का वाहतं गं?”

काय सुंदर प्रश्न आहे! मला या प्रश्नानं सोडलंच नाही. जे सापडलं ते तिला सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

आधी एक आकडा मनात धरा. ‘रन’ या एका क्रियापदाचे अर्थ किती असतील? दहा? वीस? पन्नास म्हणणाऱ्याला मी शाबासकी देईन, पण तोसुद्धा पार मागे राहिला. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशासाठी पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकारांनी ‘रन’ हातात घेतला, तेव्हा त्याचे ६४५ अर्थ निघाले. तेही नुसत्या क्रियापदाचे. क्रिकेटमधली ‘रन’ हे नाम, त्याचा हिशोब वेगळा. या एका शब्दाला त्यांचे नऊ महिने गेले. तुमचं शाळेचं वर्ष साधारण तेवढंच असतं, नाही का?

त्याआधी पहिला नंबर ‘सेट’ या शब्दाचा होता. १९८९ साली या कोशाची दुसरी आवृत्ती २० खंडांत निघाली. तिच्यात ‘सेट’चे ४३०हून जास्त अर्थ होते आणि त्याची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय तसे तीस लेख, एकापुढे एक, सगळे एका तीन अक्षरी शब्दाबद्दल.

पण अर्थ मोजतात तरी कसे? अर्थ काही गोट्यांसारखे खिशात भरता येत नाहीत. ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सावकाश सांगते.

१८५७ साली लंडनमधल्या भाषाप्रेमींच्या एका मंडळानं ठरवलं, की आपल्या कोशांतून निसटलेले शब्द गोळा करायचे. (त्याच वर्षी आपल्याकडे मुंबईत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती छापून झाली. तिच्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत आणि अजूनही अभ्यासक तो कोश उघडतात.) लंडनचं काम, म्हणजेच आपला हा ऑक्सफर्डचा कोश, वाढत वाढत गेलं आणि १८७९ मध्ये ते जेम्स मरे नावाच्या एका शाळामास्तरांकडे आलं. मरेंनी घराच्या आवारात पत्र्याची एक खोली बांधली आणि आत भिंतीला हजारावर खण केले. खण कशासाठी? चिठ्ठ्यांसाठी! देशोदेशींचे लोक पुस्तकं वाचत, एखादा शब्द दिसला की तो आणि त्याचं अख्खं वाक्य एका चिठ्ठीवर लिहीत. कोणत्या पुस्तकात, कोणत्या साली, तेही लिहीत आणि टपालात टाकत. चिठ्ठ्या पोत्यांनी येत. मरेंना ११ मुलं होती. चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावून दिल्या की मुलांना खाऊचे पैसे मिळत. विचार करा, जगातल्या सगळ्यात मोठ्या शब्दकोशांपैकी एकाला तुमच्याएवढ्या पोरांचे हात लागलेले आहेत!

मग एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या. शब्द तोच, वाक्यं शेकडो. वाचायची आणि ढीग करायचे. ही वाक्यं एकमेकांसारखी, यांचा एक ढीग. हे वाक्य जरा वेगळं, ते बाजूला. आणखी एक तसंच सापडलं? झाला दुसरा ढीग. जितके ढीग, तितके अर्थ. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये बाहेर पडला, त्यात ‘ए’ हे अक्षरसुद्धा पुरं झालं नव्हतं. सगळा कोश संपायला १९२८ साल उजाडलं. मरे १९१५ मध्येच गेले, त्यांना शेवटचं पान बघायला मिळालं नाही. मला याचं दर वेळी वाईट वाटतं.

आता आपल्या नाकाकडे येऊ. भाचीला वाटलं होतं, ‘रन’चा खरा अर्थ पळणे आणि नाकाचा अर्थ कुणीतरी मागाहून चिकटवला असणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या क्रियापदाचं एक रूप होतं ‘रिनन’. माणूस धावला तरी रिनन, पाणी वाहिलं तरी रिनन. जर्मन ही इंग्रजीची बहीण. तिच्याकडे आज दोन वेगळे शब्द आहेत. ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे पाण्यानं बारीक धारेनं वाहणे. इंग्रजीत मात्र दोन्ही एकाच शब्दात राहिले. तेव्हा इंग्रजी नाकाला पाय फुटलेले नाहीत. नदी, नळ, रडताना डोळ्यांतलं पाणी आणि सर्दीतलं नाक, हे सगळे ‘रन’च्या घरात पहिल्यापासून राहतात. धुतल्यावर कपड्याचा रंग जातो ना? तोही इंग्रजीत ‘रन’ होतो, कारण तो पाण्याबरोबर वाहून जातो.

आणि आता गंमत ऐका. आपल्या ‘धावणे’ची आजी म्हणजे संस्कृतमधला ‘धाव्’ हा धातू. संस्कृत कोशात त्याचे अर्थ बघा : धावणे आणि वाहणे! ऋग्वेदात सोमरसाच्या धारा ‘धावतात’. म्हणजे फार फार पूर्वी आपल्याकडेही पाय आणि पाणी एकाच शब्दात होते. पुढे मराठीत वाटणी झाली. पायांना ‘धावणे’ मिळालं, पाण्यानं ‘वाहणे’ घेतलं. हे ‘वाहणे’ म्हणजे मुळात घेऊन जाणे. म्हणून गाडी ते वाहन, हमाल ओझं वाहतो आणि आपण देवाला फूल वाहतो.

हे सांगितलं तेव्हा भाची गोधडीतून उठून बसली. “म्हणजे माझं वाक्य फक्त तीन हजार वर्षं उशिरा आलं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, असं समजायला हरकत नाही.

बरं, पाय आणि पाणी समजलं. दुकान कसं ‘रन’ होतं? तिथं ना पाय, ना पाणी.

तुम्ही साखळी खेळता ना? ज्याच्यावर राज्य येतं तो एकाला पकडतो, मग त्या दोघांनी हात धरून तिसऱ्याला पकडायचं, तिघांनी चौथ्याला. शेवटी मैदानभर लांब साखळी होते. एका टोकाच्या पोराचा हात दुसऱ्या टोकाच्या पोराच्या हाताला लागलेलाही नसतो, पण दोघं एकाच साखळीत असतात. शब्दाचे अर्थ असेच वाढतात. माणूस पायानं धावतो. मग ठरलेल्या रस्त्यानं ये-जा करणारी गाडी आली, तिला ‘रन’नं हात दिला. आपणही म्हणतो, लोकल वेळेवर धावतेय. मग यंत्र आलं. ते जागचं हलत नाही, पण त्याच्या आतली चाकं, पट्टे, दांडे सगळे धावत असतात, म्हणून यंत्र ‘रन’ झालं. वाफेची इंजिनं आणि कारखाने आले तसं या अर्थाचं काम खूपच वाढलं. यंत्र ‘रन’ होतं, तर ते चालू ठेवणारा माणूस ते ‘रन’ करतो. मग गिरणी ‘रन’ करता येते, तर दुकान का नाही? शाळा का नाही? आणि शेवटी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम ‘रन’ होतो. या टोकाच्या प्रोग्रॅमला त्या टोकाचे धावणारे पाय माहीतही नाहीत.

मराठीनं इथं कोणता शब्द पुढे केला, माहीत आहे? ‘चालणे’. आपलं यंत्र चालतं, घड्याळ चालतं, दुकान चालतं, बाबा ते चालवतात. इंग्रजांची यंत्रं धावतात आणि आपली चालतात. यंत्र तेच, चाकं तेवढीच जोरात फिरतायत. फक्त पहिल्यांदा बघणाऱ्याच्या मनात काय आलं, एवढाच फरक. आणि आपण ‘चालणे’ला इतकं लांब नेलंय, की कुणी विचारलं, “उद्या सकाळी आलो तर?” तर आपण म्हणतो, “चालेल.” काय चालेल? कोण चालेल? मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला हे एका दमात समजावून दाखवा बरं.

क्रिकेटचंही बघा. दोन फलंदाज खेळपट्टीवर पळत जागा बदलतात, म्हणून ‘रन’. पूर्वी गुण लिहिणारा माणूस काठीवर सुरीनं खाचा पाडायचा, एका धावेला एक खाच. पण आज चेंडू थेट सीमेपार गेला तर फलंदाज बॅटला टेकून उभा राहतो आणि सहा धावा मिळतात. एकही पाऊल न टाकता! ‘रन’मधलं पळणंच निघून गेलं आणि शब्द तिथंच राहिला. आपण त्याची ‘धाव’ केली, ‘रन आउट’चं ‘धावचीत’ केलं. हे ऐकून भाचीनं तिसरं वाक्य पुन्हा वाचलं. “मग साखर धावचीत झाली!” नाही गं, साखर संपली. भांड्यातून पाणी वाहत वाहत शेवटचा थेंबही गेला, की ‘रन आउट’. ही साखळीची पाण्याकडची बाजू.

निवडणुकीत तर तीन देशांची दोन चित्रं दिसतात. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, जणू शर्यत लागलीय. ब्रिटनमधला उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आणि आपल्या गावातले काका? तेही निवडणुकीला उभेच राहतात. अमेरिकन आणि ब्रिटिश, इंग्रजी दोघांची एकच, तरी एक पळतो आणि एक उभा.

रस्त्याचं वाक्य मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण त्यात खरं विज्ञान आहे. रस्ता जंगलातून पळतो. मराठीत आपण म्हणू, रस्ता जंगलातून जातो. आता सांगा, रस्ता कधी कुठे गेलाय का? तो बिचारा जागचा हललेला नाही. “हा रस्ता कुठे जातो?” असं आपण सहज विचारतो आणि कुणाला हसू येत नाही. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञानं अशा वाक्यांकडे नीट बघितलं. जे हलत नाही त्याला हलवणारी ही भाषा, हिला आपण कल्पनेतली गती म्हणू या. पुढे टीनी मॅटलॉक या संशोधक बाईंनी एक छान प्रयोग केला. त्यांनी लोकांना प्रवासाच्या छोट्या गोष्टी वाचायला दिल्या. काही गोष्टींत प्रवासी झरझर पुढे जातो, काहींत अगदी हळूहळू. गोष्टीच्या शेवटी रस्त्याबद्दल एक वाक्य होतं, अमुक रस्ता वाळवंटातून जातो, अशा धाटणीचं. ज्यांनी रेंगाळणाऱ्या प्रवासाची गोष्ट वाचली होती, त्यांना ते शेवटचं वाक्य समजायला जास्त वेळ लागला!

कळलं का काय झालं ते? रस्ता हलत नव्हता. वाचणारा खुर्चीत बसलेला होता. तरी त्याचं मन त्या रस्त्यावरून चालून येत होतं, आणि गोष्ट हळू असली तर मनही हळू चालत होतं. ‘रस्ता जातो’ म्हणताना कोणीतरी खरोखर जातं. तुम्ही जाता.

आता मला सांगा, ६४५ अर्थ असलेला शब्द कानावर पडला तर माणूस गोंधळून का जात नाही? इंग्रजी बोलणारं चार वर्षांचं पोरसुद्धा नाक, बस आणि दुकान यांत घोटाळा करत नाही. याचं उत्तर शोधायला डेव्हिड स्विनी नावाच्या शास्त्रज्ञानं १९७९ मध्ये एक चलाख प्रयोग जाहीर केला. त्यानं ‘बग्ज’ हा शब्द घेतला. त्याचे दोन अर्थ : किडे, आणि दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकायची छोटी यंत्रं. लोकांच्या कानांत एक गोष्ट ऐकू यायची. खोलीत कोळी, झुरळं आणि इतर ‘बग्ज’ सापडले, अशी. शब्द ऐकू आला त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटत, आणि हा खरा शब्द आहे की नाही, ते बटण दाबून सांगायचं. पडद्यावर ‘मुंगी’ आलं तर लोक चटकन ओळखत. त्यात नवल नाही, गोष्ट किड्यांचीच होती. पण ‘हेर’ आलं तरीही ते तितक्याच चटकन ओळखत! म्हणजे कोळी-झुरळांची गोष्ट चालू असताना डोक्यात चोरून ऐकणारी यंत्रंही क्षणभर जागी झाली होती. अक्षरं थोडी उशिरा दाखवली, मधे आणखी दोन-तीन अक्षरं उच्चारायला लागतात तेवढाच वेळ, तर फक्त ‘मुंगी’ उरायची. हेर गायब.

हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. शब्द कानावर पडला की त्याचे एकाहून जास्त अर्थ दाराशी येतात, शेजारचे शब्द बघून मेंदू एकाला आत घेतो आणि बाकीच्यांना परत पाठवतो. हे इतक्या झटपट होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. तुम्ही हा लेख वाचताना प्रत्येक ओळीत हे काम करताय.

आणि ज्या शब्दाला रोज हजारदा हाक मारली जाते, त्यालाच जास्त अर्थ फुटतात. अमेरिकेतल्या जॉर्ज झिप्फ यांनी १९४५ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. पाणघोड्याला एकच अर्थ. त्याला रोज कोण हाक मारतं? ‘रन’, ‘गो’, ‘टेक’, ‘पुट’, ‘सेट’ या चिमुकल्यांना मात्र क्षणाची उसंत नाही.

भाची आता काढा प्यायलाच विसरली होती. “आपल्याकडे आहे का असा ६४५वाला?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “तुझा घसा बसलाय ना? कुठल्या खुर्चीवर?”

तिला मजा वाटली. घसा बसला, धक्का बसला, विश्वास बसला. पाऊस पडतो तसं ऊनही पडतं, प्रश्नही पडतो, स्वप्नही पडतं. भाऊ डोकं खातो. अमेरिकेत शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलानं हे शब्दशः इंग्रजीत लिहिलं, तर तिथले पोलीसच यायचे. पण आमच्या मते खरा पहिलवान ‘लागणे’. आम्ही वहीच्या मागच्या पानावर ढीग करायला घेतले, अगदी मरेंच्या मुलांसारखे. हात लागला, ठेच लागली. आग लागली, दिवा लागला. भूक, तहान, झोप, उचकी लागली. दार लागलं. वेळ लागतो, पैसे लागतात. निकाल लागला, नंबर लागला. गाडी लागते, म्हणजे घाटात मळमळतं, आणि गाडी लागली, म्हणजे फलाटावर आली. गायकाचा सूर लागला. पाऊस पडू लागला. डोळा लागला. बोलणं मनाला लागलं. पान भरलं.

मूळ कुठं आहे याचं? संस्कृतमधल्या ‘लग्’ धातूत, म्हणजे चिकटणे, जोडलं जाणे. ‘लग्न’ हा शब्दही त्यातूनच आला. हात लागतो तेव्हा दोन गोष्टी एकमेकींना टेकतात, आग लागते तेव्हा ज्वाळा लाकडाला धरते, दार लागतं तेव्हा फळी चौकटीला जाऊन मिळते. भूक आपल्याला चिकटते आणि खाल्ल्याशिवाय सुटत नाही. साखळी दिसायला लागली की एकेक हात ओळखू येतो.

दुसऱ्या दिवशी सर्दी उतरली आणि ती शाळेत गेली. संध्याकाळी दप्तर टाकून थेट वही घेऊन आली. मागच्या पानावर पेन्सिलीनं एक नवी ओळ होती. वर्गात एका मुलीनं तिला विचारलं होतं, तुला कालच्या गृहपाठात ज्यांनी मदत केली, त्या तुझ्या कोण? त्याचं उत्तर देताना ते वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि ती तिथल्या तिथं थबकली.

“हे कोणत्या ढिगात घालू?” तिनं विचारलं.

मी वाचलं. तिथं लिहिलं होतं : ती माझी मावशी लागते.

“‘हात लागला’च्या शेजारी घाल,” मी म्हटलं.